आजची रात्र निराळी का?

ज्यू दिनदर्शिकेतील निसान महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा आपल्या चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे, जगभरातील ज्यू कुटुंबे रात्रीच्या एका जेवणासाठी एकत्र बसतात. स्वयंपाक तयार असतो, मेज मांडलेले असते, पण जेवण सुरू होत नाही. आधी घरातील सर्वांत लहान मुलाने विचारायचे असते की आजची रात्र बाकीच्या सगळ्या रात्रींहून निराळी का आहे. आणि मग मोठ्यांनी त्याला उत्तर द्यायचे असते, जे पुरे होईपर्यंत भुकेने कळवळलेली मुलेही मेजावरून उठत नाहीत. या सणाला हिब्रू भाषेत पेसाह म्हणतात. मराठी बायबल वाचणाऱ्यांना तो ‘वल्हांडण’ या नावाने ठाऊक आहे, आणि हा शब्द ‘ओलांडणे’ या आपल्या नेहमीच्या क्रियापदाचाच नातेवाईक आहे.

ओलांडण्याचा संदर्भ थोडक्यात असा. याकोबाचे वंशज, म्हणजे इस्राएली लोक, दुष्काळामुळे मिसर (इजिप्त) देशात गेले आणि तेथेच वाढले. पुढे एका फारोने, म्हणजे तेथील राजाने, त्यांना गुलाम करून विटा पाडण्याच्या आणि शहरे बांधण्याच्या कामाला जुंपले. त्यांचा पुढारी मोशे याने त्यांना सोडण्याची मागणी केली, फारोने ती पुन्हा पुन्हा नाकारली, आणि मिसरवर एकामागून एक दहा पीडा आल्या. शेवटच्या पीडेत त्या देशातील प्रत्येक घरातील पहिला मुलगा मरण पावला. मात्र ज्या इस्राएली घरांच्या चौकटींना कोकराचे रक्त लावलेले होते, ती घरे मृत्यूने ओलांडली. त्याच रात्री लोक इतक्या घाईने निघाले की मळलेली कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही आणि त्यांनी बिनखमिराच्या भाकऱ्या भाजून घेतल्या. या प्रसंगाचा थेट पुरावा मिसरच्या अवशेषांत सापडलेला नाही. इस्राएल या नावाचा तेथील सर्वांत जुना उल्लेख फारो मेर्नेप्ताहच्या, इसवी सनापूर्वी १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात येतो, जो १८९६ साली फ्लिंडर्स पेट्री यांना थीब्झ येथे मिळाला. इतिहासाची ही चर्चा महत्त्वाची आहे, पण तिचा निकाल लागेपर्यंत सण थांबून राहिलेला नाही, कारण त्याची मांडणी कथेहूनही जास्त कथा सांगण्याच्या कृतीभोवती झालेली आहे. कथा पुढच्या पिढीपर्यंत कशी पोहोचवायची, याचा इतका बारकाईने केलेला विचार मला दुसऱ्या कुठल्या सणात क्वचितच आढळला आहे, म्हणून या लेखात मुख्यतः त्याविषयी लिहीत आहे.

तोरा या मूळ धर्मग्रंथातील निर्गम या भागात एक जागा अशी आहे की जिच्यापाशी वाचकाने थोडे थांबावे. दहावी पीडा अजून यायची आहे, लोक अजून गुलामच आहेत, उद्या काय होईल हे कोणालाच ठाऊक नाही. आणि अशा वेळी मोशे त्यांना सांगतो की पुढे तुमची मुले या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा त्यांना काय सांगायचे ते आताच ऐकून ठेवा. घटना घडण्याआधीच तिच्या कथनाची तजवीज झालेली आहे. मुलाला सांगण्याची हीच आज्ञा तोरामध्ये एकूण चार ठिकाणी येते. त्यांपैकी एका ठिकाणी वडिलांनी मुलाला असे सांगायचे आहे की, मी मिसरमधून निघालो तेव्हा परमेश्वराने माझ्यासाठी जे केले, त्यामुळे मी हे पाळतो. ‘आपल्या पूर्वजांसाठी’ असे तेथे म्हटलेले नाही, ‘माझ्यासाठी’ असे म्हटले आहे. या वचनातील ‘तू सांग’ या हिब्रू क्रियापदापासूनच हग्गादा हा शब्द तयार झाला. हग्गादा म्हणजे कथन, आणि त्या रात्री मेजावर प्रत्येकासमोर जी पोथी उघडलेली असते तिचेही हेच नाव आहे.

इसवी सन ७० पर्यंत सणाचे केंद्र जेरुसलेमचे मंदिर होते. लोक तेथे जात, कोकराचा बळी दिला जाई आणि ते भाजलेले मांस कुटुंबे एकत्र बसून खात. त्या वर्षी रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि बळी देण्याची जागाच उरली नाही. पुरोहितांवर आणि वास्तूवर उभा असलेला विधी त्या दोन्ही गोष्टी गेल्यावर संपून जायचा, असेच कोणालाही वाटले असते. पण त्यानंतरच्या काही पिढ्यांतील रब्बींनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, मंदिरातील वेदीची जागा घरातील मेजाला दिली आणि पुरोहिताचे काम आईवडिलांकडे सोपवले. इसवी सन २०० च्या सुमारास मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ संकलित झाला, आणि त्यातील पेसाहविषयीच्या भागाच्या दहाव्या अध्यायात या रात्रीची रूपरेषा आढळते, जी आजही ओळखू येते. त्या रूपरेषेला सेदेर, म्हणजे क्रम, असे म्हणतात, आणि पुढे तिच्या १५ पायऱ्या ठरल्या.

या पायऱ्यांतील काही गोष्टी मुद्दाम विचित्र ठेवलेल्या आहेत. नेहमीच्या जेवणात जे होत नाही ते येथे होते. हात धुतले जातात, पण भाकरी वाढली जात नाही. अजमोद्यासारखी एखादी भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून चिमूटभर खाल्ली जाते, आणि त्यानंतर पुन्हा काहीच येत नाही. मात्झा, म्हणजे बिनखमिराच्या पातळ भाकऱ्या, एकावर एक अशा तीन ठेवलेल्या असतात. त्यांतील मधली मोडली जाते आणि तिचा मोठा तुकडा कापडात गुंडाळून बाजूला ठेवला जातो. ताठ बसण्याऐवजी लोक डावीकडे रेलून बसतात, कारण ग्रीक आणि रोमन जगात स्वतंत्र माणसे असे रेलून जेवत असत आणि गुलामांना ती मुभा नव्हती. यांतील प्रत्येक कृतीला अर्थ आहे. मिठाचे पाणी अश्रूंची आठवण देते. मारोर ही कडू भाजी गुलामीच्या कडवटपणाची, तर फळे आणि सुकामेवा वाटून केलेले हारोसेत विटांच्या चिखलाची. परंतु हे अर्थ कळण्याआधी मुलाला या गोष्टी खटकाव्यात, हा त्यांचा पहिला हेतू आहे. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरील चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, असे सांगितले आहे की रब्बी अकिवा पेसाहच्या संध्याकाळी मुलांना भाजलेले धान्य आणि अक्रोड वाटत, ते एवढ्याचसाठी की त्यांनी झोपू नये आणि प्रश्न विचारावेत.

प्रश्नाला किती मोल आहे हे सांगणारी एक छोटी आठवणही तालमूदमध्ये जपलेली आहे. अबाये हा पुढे मोठा विद्वान झाला, पण तेव्हा तो आपले गुरू रब्बा यांच्यासमोर बसलेला होता. जेवणाआधीच समोरचे मेज उचलले जात आहे हे पाहून तो म्हणाला, “आपण अजून जेवलोही नाही आणि मेज उचलून नेत आहेत!” त्यावर रब्बा म्हणाले की तू आम्हाला ठरलेले प्रश्न म्हणण्यातून मोकळे केलेस. पोथीत छापलेला प्रश्न पाठ म्हणून दाखवला जातो खरा, पण मुलाच्या मनातून आपोआप आलेला प्रश्न त्याहून वरचा मानला गेला, आणि विधीने त्याच्यासमोर आनंदाने माघार घेतली. नियम तर याहूनही पुढे जातो. मूल नसेल तर पत्नीने विचारावे. माणूस एकटा असेल तर त्याने स्वतःलाच विचारावे. आणि सणाचे सगळे कायदे तोंडपाठ असलेले दोन विद्वान एकत्र बसले असतील, तर त्यांनीही एकमेकांना विचारावे. उत्तर ठाऊक असणे हे विचारण्यातून सुटका मिळण्याचे कारण ठरत नाही.

ठरलेल्या चार प्रश्नांपैकी एक कालांतराने बदलला, ही गोष्टही सांगण्यासारखी आहे. मिश्नामध्ये मूल असे विचारते की इतर रात्री आपण मांस भाजून, शिजवून किंवा उकडून खातो, मग आज फक्त भाजलेलेच का? मंदिर गेल्यानंतर भाजलेल्या बळीचे मांस मेजावर येणे थांबले, आणि त्या प्रश्नाच्या जागी रेलून बसण्याचा प्रश्न आला. जी गोष्ट मुलाच्या डोळ्यांसमोर नाही तिच्याविषयी त्याच्याकडून पाठांतर करून घेण्यापेक्षा, जी समोर आहे तिच्याविषयी विचारायला लावणे परंपरेने पसंत केले. परंपरा म्हणजे जुने जसेच्या तसे सांभाळणे, अशी आपली एक ढोबळ समजूत असते. येथे मात्र शब्द बदलले आणि काम तेच राहिले.

आता चार मुलांकडे वळू. तोरामध्ये चार वेगवेगळ्या ठिकाणी मुलाला सांगण्याची आज्ञा का आली असावी, यावर रब्बींनी असे उत्तर काढले की मुले चार प्रकारची असतात. हग्गादात ही चार मुले एकामागून एक येतात: शहाणा, दुष्ट, साधा आणि ज्याला विचारताच येत नाही तो. शहाणा मुलगा विधी आणि नियम यांतील फरक विचारतो. त्याला सणाचे बारीकसारीक कायदे अगदी शेवटच्या कलमापर्यंत समजावून सांगायचे. साधा मुलगा फक्त “हे काय?” एवढेच विचारतो, त्याला एका वाक्यात सांगायचे की परमेश्वराने बळकट हाताने आम्हाला मिसरमधून, दास्याच्या घरातून बाहेर काढले. एकच उत्तर सर्वांना देणे हे शिकवणे नव्हे, हे येथे किती सहजपणे गृहीत धरलेले आहे.

दुष्ट मुलाचा प्रसंग सर्वांत अवघड आहे आणि त्याच्यावर शतकानुशतके वाद झालेले आहेत. तो विचारतो, “हा तुमचा विधी म्हणजे काय आहे?” त्याने ‘तुमचा’ म्हटले, स्वतःला त्यातून वगळले, म्हणून त्याला दुष्ट म्हटले गेले. त्याला कठोर उत्तर मिळते: परमेश्वराने हे माझ्यासाठी केले, त्याच्यासाठी नाही, तो तेथे असता तर त्याची सुटका झाली नसती. हे उत्तर मला कठोरच वाटते, आणि ते गोड करून सांगण्याचे कारण नाही. पण त्याच वेळी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही, ती म्हणजे तो मेजावर बसलेला आहे. त्याला बोलावलेले आहे, त्याचा प्रश्न पोथीत शब्दशः नोंदलेला आहे, आणि गेली अनेक शतके प्रत्येक घरात तो मोठ्याने वाचला जातो. जो परंपरेपासून दूर गेला आहे त्याचाही आवाज परंपरेच्या पोथीतून काढून टाकलेला नाही.

चौथ्या मुलाला प्रश्नच विचारता येत नाही. त्याच्यासाठी फक्त तीन हिब्रू शब्द आहेत, ज्यांचा अर्थ ‘तू त्याच्यासाठी सुरुवात कर’ असा होतो. येथे ‘तू’ हे सर्वनाम स्त्रीलिंगी रूपात आले आहे, आणि अनेक भाष्यकारांनी त्यावरून असे म्हटले आहे की अशा मुलाशी आईच्या मायेने बोलावे. या चौथ्या मुलाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण आपल्या कोकणात घडलेली गोष्ट त्याच्याशी फार जवळून जुळते.

उत्तर कसे द्यायचे याविषयीही मिश्नाने एक नियम घालून दिला आहे: सुरुवात लाजिरवाण्या गोष्टीपासून करावी आणि शेवट गौरवाने करावा. लाजिरवाणे म्हणजे नेमके काय, यावर रव आणि श्मुएल या तिसऱ्या शतकातील दोन विद्वानांचे एकमत झाले नाही. श्मुएल म्हणाले की “आम्ही मिसरमध्ये फारोचे गुलाम होतो” येथून सुरुवात करावी. रव म्हणाले की त्याही मागे जावे आणि “आरंभी आमचे पूर्वज मूर्तिपूजक होते” असे सांगावे. एकाला लौकिक दास्य लाजिरवाणे वाटले, दुसऱ्याला स्वतःच्या धर्माच्या दृष्टीने पूर्वजांची भरकटलेली श्रद्धा. हग्गादाने निवाडा केला नाही. दोन्ही आरंभ पोथीत ठेवले. आपल्या मुलांना कुळाचा इतिहास सांगताना माणसे राजे, सरदार आणि पराक्रम यांच्यापासून सुरुवात करतात, हे आपण सर्वत्र पाहतो. येथे मुलाला पहिल्यांदा कळते ते हे की आपण गुलामांची संतती आहोत. आणि त्यातून लगेच एक कर्तव्यही निघते, कारण तोरा पुन्हा पुन्हा बजावते की परक्याला छळू नका, तुम्हीही मिसर देशात परके होता. याच वृत्तीने दहा पीडांची नावे घेताना प्रत्येक नावागणिक पेल्यातून द्राक्षरसाचा एक थेंब काढून टाकण्याची प्रथा आहे, आणि तिचा पुष्कळ ठिकाणी दिला जाणारा अर्थ असा की शत्रूच्या दुःखामुळे आपल्या आनंदाचा पेला तेवढा रिता व्हावा.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सुटकेच्या या संपूर्ण कथनात मोशेचे नाव जवळजवळ येतच नाही. प्रचलित पोथीत ते एका उद्धृत वचनाच्या ओघात एकदाच येते. कथा एका महापुरुषाची झाली असती तर ऐकणाऱ्याने फक्त हात जोडायचे उरले असते. त्याऐवजी हग्गादा म्हणते की प्रत्येक पिढीतील प्रत्येक माणसाने असे समजावे की जणू आपण स्वतःच मिसरमधून बाहेर पडलो. म्हणून कथा ऐकायची तर असतेच, शिवाय ती चावायची, बुडवायची आणि गिळायचीही असते. कडू भाजी जिभेवर आल्यावर डोळ्यांत जे पाणी येते, ते सात वर्षांच्या मुलाच्या आणि सत्तर वर्षांच्या आजीच्या डोळ्यांत सारखेच येते.

सणाची दुसरी बाजू स्वयंपाकघरात आहे. गहू, सातू यांसारख्या पाच धान्यांपैकी कोणत्याही धान्याचे आंबलेले रूप, ज्याला हमेत्झ म्हणतात, ते सणाच्या काळात खाता येत नाही, इतकेच नव्हे तर घरातही ठेवता येत नाही. सण इस्राएलमध्ये ७ आणि इतर देशांत ८ दिवसांचा असतो. आदल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात कोपरान् कोपरा शोधून उरलेसुरले तुकडे गोळा करायचे आणि सकाळी जाळायचे असा रिवाज आहे. मात्झासाठी पिठात पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाकरी भाजून व्हावी लागते, कारण त्यानंतर पीठ आंबू लागले असे धरले जाते. सण वसंतातच यावा असा तोराचा दंडक असल्यामुळे चांद्रवर्षाची सौरवर्षाशी जुळणी करावी लागते, आणि त्यासाठी १९ वर्षांत ७ वेळा एक जादा महिना धरतात. अधिक मासाची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको.

आता कोकणाकडे येतो. रायगड जिल्ह्यातील, म्हणजे जुन्या कुलाब्यातील, बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा अशी की त्यांचे पूर्वज नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. वाचलेली फक्त सात जोडपी होती आणि त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी काम बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले, आणि राहत्या गावांवरून त्यांना केहिमकर, पेणकर, राजपूरकर अशी आडनावे मिळाली. हिब्रू भाषा गेली, पोथ्या गेल्या, सणांच्या कथाही बऱ्याच अंशी गेल्या. उरले ते शेमा हे एकेश्वरनिष्ठेचे वचन, सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे काही नियम आणि काही सण. समाजात सांगतात की डेव्हिड राहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ तेथे आले, तेव्हा त्यांनी या स्त्रियांना शिजवण्यासाठी निरनिराळे मासे दिले; पर आणि खवले नसलेले मासे स्त्रियांनी बाजूला काढले, आणि त्यावरून राहाबींनी त्यांना ओळखले. ज्या समाजाजवळ एकही पोथी नव्हती, त्याची ओळख चुलीपाशी पटली.

या समाजातील सणांची जुनी मराठी नावे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या इतिहासात नोंदवली आहेत. तो इतिहास पुढे १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्या नावांत नव्याचा सण आहे, खिरीचा सण आहे, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक करण्याच्या दिवसाला बिरड्याचा सण म्हटलेले आहे. आणि पेसाहचे नाव आहे अनाशी ढाकायचा सण. आंबट द्रवाचे एक भांडे, जे एरवी जेवणात तोंडी लावायला वापरले जाई, ते या दिवसांत झाकून ठेवायचे, अशी ती प्रथा होती. ही सगळी नावे नीट वाचली तर एक गोष्ट दिसते: प्रत्येक नावात काय करायचे किंवा काय खायचे ते आहे, पण का करायचे ते एकाही नावात नाही.

मला वाटते, त्या झाकलेल्या भांड्यामागे एक साधे व्यवहारज्ञानही असावे. कोकणातली रोजची तांदळाची भाकरी मुळातच बिनखमिराची. त्यामुळे बिनखमिराची भाकरी खाल्ल्याने कोणत्याही मुलाला ही रात्र निराळी वाटली नसती. घरात आंबवलेले असे जे होते ते त्या भांड्यात होते. तेव्हा तेच झाकले, आणि वेगळेपण कायम राहिले. हा समाज म्हणजे हग्गादातील चौथा मुलगाच होता असे म्हणता येईल: प्रश्न विचारायला शब्द नव्हते, उत्तर सांगायला पोथी नव्हती, पण ज्याच्याविषयी विचारावे अशी वस्तू मात्र दर वर्षी त्याच्यासमोर ठेवली जात होती.

असे आणखी एक उदाहरण पोर्तुगालमध्ये सापडते. तेथील ज्यूंना १४९७ साली सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले, आणि पुढे धर्मन्यायालयाच्या भीतीने काही कुटुंबांनी आपला धर्म शतकानुशतके लपून पाळला. १९१७ साली सॅम्युएल श्वार्झ या पोलंडमध्ये जन्मलेल्या खाण अभियंत्याला बेलमोंते या डोंगरी गावात अशी कुटुंबे भेटली. त्यांच्या प्रार्थना पोर्तुगीज भाषेत होत्या आणि त्या म्हाताऱ्या स्त्रियांना मुखोद्गत होत्या. हिब्रूतील ‘अदोनाय’ हा परमेश्वरवाचक शब्द तेवढा उरला होता, आणि तो ऐकूनच त्यांनी श्वार्झ यांना आपल्यातले मानले. बिनखमिराची भाकरी ते गुपचूप भाजत, आणि पाळत ठेवणाऱ्यांना चुकवण्यासाठी सण ठरल्या दिवसानंतर पाळत. कोकणात छळ नव्हता, बेलमोंतेत होता. तरी दोन्हीकडे सण टिकवला तो स्त्रियांनी, आणि तो टिकला स्वयंपाकघरात.

कोकणातील समाजाला उत्तर परत मिळाले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते मराठीतून मिळाले. कोचीनचे ज्यू शिक्षक आले. मिशनऱ्यांनी मराठीत बायबल छापले; जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मांतराचा होता, पण बेने इस्राएलांपैकी फार थोडे ख्रिस्ती झाले. बहुतेकांनी त्या पुस्तकांचा उपयोग स्वतःच्या धर्माकडे परतण्यासाठी केला. १८४६ साली मुंबईत त्यांच्यासाठी हग्गादा निघाली, हिब्रू मजकूर आणि त्याबरोबर मराठी भाषांतर अशी. १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली, सचित्र, जिच्यातील मात्झा करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. १८८० मध्ये याच समाजाने मराठी कीर्तनाचा साज घेऊन बायबलमधील चरित्रे सांगायला आरंभ केला.

कोणी म्हणेल की भाषांतरामुळे पवित्र पोथीचे पावित्र्य उणावते. पण हग्गादाची स्वतःची साक्ष निराळी आहे. तिच्या आरंभी मात्झा उंच धरून जे म्हटले जाते, की ही दारिद्र्याची भाकरी आहे आणि जो भुकेला असेल त्याने येऊन जेवावे, ते हिब्रूत नसून अरामी भाषेत आहे, जी त्या काळी सामान्य माणसांच्या बोलण्यातली भाषा होती. सोळाव्या शतकात क्राकूवचे रब्बी मोशे इसर्लिस यांनी तर स्पष्ट लिहिले की स्त्रियांना आणि मुलांना कळेल अशा भाषेत हे सांगावे. भुकेल्याला आमंत्रण द्यायचे तर ते त्याला समजले पाहिजे, आणि मुलाला उत्तर द्यायचे तर तेही त्याला समजले पाहिजे. मुंबईच्या त्या हग्गादातील मराठी भाषांतराने अगदी हेच केले.

उत्तर मिळाले तेव्हा जुन्या खुणा टाकून दिल्या गेल्या नाहीत. बेने इस्राएल घरांत हारोसेतच्या जागी खजुराचा शिरा, म्हणजे खजुराचा दाट पाक, आला. पूर्व युरोपातील ज्यू पेसाहमध्ये भात वर्ज्य मानतात, पण भातावर वाढलेल्या या समाजाने तो सोडला नाही, आणि धर्मशास्त्रानेही त्याला तसे बंधन घातले नाही. सेदेरच्या रात्री एलिया संदेष्ट्यासाठी एक पेला भरून दार उघडतात, तेव्हा कोकणी माणसाला तो पाहुणा नवखा वाटत नाही, कारण एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे याच एलियाच्या, नावाने पोहे, गूळ आणि ओले खोबरे यांची मलिदा करणे हा त्याच्या घरचा कुळाचारच आहे.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर पुढच्या दशकांत या समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, आणि दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा अशा गावांत त्यांची वस्ती झाली. मायबोली नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथून काढले. तेथे जन्मलेल्या मुलांची भाषा हिब्रू आहे. १८४६ च्या मुंबईत हग्गादाचा हिब्रू भाग वाचता न येणाऱ्या माणसासाठी मराठी भाग छापला गेला होता, आज दिमोनातील नातवाला हिब्रू भाग कोणाच्याही मदतीशिवाय वाचता येतो, आणि त्या पोथीची दोन्ही अंगे त्याच्यासमोर उघडली, तर ज्या ओळींवर बोट ठेवून त्याला “हे काय?” असे आजीला विचारावे लागेल, त्या मराठी ओळी असतील.